रक्त लवकर गोठविणारी मलमपट्टी : तंजावरची परंपरा आणि आजचे संशोधन

अपघातात, शस्त्रक्रियेत किंवा शेतातील कामात झालेल्या खोल जखमेतून वाहणारे रक्त वेळीच थांबले नाही, तर पुढील सर्व उपचार उपलब्ध असूनही रुग्ण दगावू शकतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील ४० टक्क्यांहून अधिक रक्त गेले, की जीव वाचविणे अत्यंत कठीण होते. मांडीतील मोठी रोहिणी तुटल्यास ही मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाते. रुग्णालयात पोहोचेपर्यंतची ही मिनिटे रुग्णाला मिळवून देण्यासाठी जी विशेष मलमपट्टी वापरली जाते, तिला ‘रक्तस्तंभक ड्रेसिंग’ असे म्हणतात.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले तंजावर हे शहर मराठी वाचकांना भोसले घराण्याची दक्षिणेतील राजधानी आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे स्थान म्हणून परिचित आहे. वैद्यकाच्या इतिहासातही या शहराला स्थान आहे आणि जखमेवरील उपचारांसाठी उपयुक्त अशा जैवपदार्थांवर आज तेथील विद्यापीठात संशोधन चालते. रक्तस्तंभक ड्रेसिंगसाठी लागणारा कच्चा माल याच किनारपट्टीवर मिळतो आणि अशा ड्रेसिंगच्या मर्यादा स्पष्ट करणारा सर्पदंशाचा प्रश्नही याच भातशेतीच्या प्रदेशात आढळतो.

धन्वंतरी महाल आणि सुश्रुताचे चार उपाय

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांचे शिक्षण ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. ते १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि किल्ला व त्याच्या परिसरापुरतीच त्यांची सत्ता उरली. यानंतर त्यांनी आपले लक्ष ग्रंथसंग्रह, शिक्षण आणि वैद्यक यांकडे वळविले. त्यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय या चारही पद्धतींच्या औषधांचा अभ्यास होत असे. नेत्ररोगाच्या चाळीसहून अधिक रुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. अनुभवास आलेले औषधपाठ तमिळमध्ये लिहून ठेवण्यात आले आणि पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ते ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने प्रसिद्ध केले. रुग्णाची नोंद ठेवावी, औषधाचा परिणाम पाहावा आणि मगच पाठ कायम करावा, ही या संस्थेची पद्धत होती.

रक्तस्राव थांबविण्याचा भारतीय शल्यशास्त्रातील विचार याहून पुष्कळ प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले आहेत. तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा एकत्र आणणे म्हणजे संधान, थंड उपचारांनी रक्त घट्ट करणे म्हणजे स्कंदन, क्षार किंवा राखेचा वापर म्हणजे पाचन आणि डाग देऊन रक्तवाहिनी आकुंचित करणे म्हणजे दहन. सौम्य उपाय आधी करावेत आणि ते निष्फळ ठरल्यासच डाग द्यावा, असा क्रमही त्यात दिलेला आहे. प्रभावी उपाय आणि त्याची इजा यांचा तोल साधण्याचा हाच प्रश्न आजच्या ड्रेसिंगची रचना करणाऱ्यांपुढेही आहे.

ग्रामीण भागात आजही किरकोळ जखमेवर तुरटी फिरविली जाते किंवा हळद दाबली जाते. महाराष्ट्रात ‘दगडी पाला’ किंवा ‘एकदांडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या पानांचा रस कापलेल्या जागी पिळतात. तमिळमध्ये याच वनस्पतीला ‘वेट्टुक्कायप् पूंडु’, म्हणजे कापल्याच्या जखमेची वनस्पती, असे नाव आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून येथे ती नंतर आली, तरीही दोन्ही प्रदेशांतील लोकांनी तिचा एकच उपयोग शोधला. मात्र शेतातून तोडलेल्या पाल्यासोबत माती व जंतू जखमेत जाऊ शकतात. त्यामुळे खोल जखमेवर असा पाला लावणे धोक्याचे ठरते.

रक्त कसे गोठते

ड्रेसिंगचे कार्य समजण्यासाठी रक्त गोठण्याची क्रिया लक्षात घेणे आवश्यक आहे. रक्तवाहिनी कापली जाताच ती प्रथम आकुंचन पावते. त्यानंतर रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, जखमेच्या कडेला चिकटतात आणि एकमेकींना धरून तात्पुरते बूच तयार करतात. निरोगी व्यक्तीच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख रक्तबिंबिका असतात.

हे बूच कच्चे असते. ते पक्के करण्यासाठी रक्तद्रवातील गोठणघटक एकामागून एक कार्यान्वित होतात. या घटकांना रोमन अंकांनी क्रमांक दिलेले असून कॅल्शियमचा क्रमांक चौथा आहे. साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन हे विकर तयार होते. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे न विरघळणारे धागे बनविते. तेरावा घटक हे धागे एकमेकांना बांधतो. या जाळ्यात तांबड्या रक्तपेशी अडकल्या, की घट्ट गुठळी तयार होते.

काचेच्या नळीत घेतलेले निरोगी रक्त साधारणपणे ५ ते १० मिनिटांत गोठते. बोट कापल्यास हा वेळ पुरेसा असतो. मोठी रोहिणी तुटल्यास मात्र रक्ताचा दाब तयार होत असलेले बूच वाहून नेतो. सुती गॉज रक्त शोषून घेते आणि वरून दाब देण्यास आधार देते, परंतु गोठण्याची क्रिया वेगवान करण्यात तिचा वाटा अल्प असतो. शिवाय गॉज काढताना तिला चिकटलेली गुठळी निघून येते आणि रक्त पुन्हा वाहू लागते.

रचनेचे चार मार्ग

रक्तस्तंभक ड्रेसिंग शरीराऐवजी रक्त गोठवीत नाही. शरीर स्वतः करीत असलेल्या कामाला लागणारा वेळ ती कमी करते. त्यासाठी मुख्यतः चार मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग पाणी शोषण्याचा आहे. सच्छिद्र पदार्थ रक्तातील पाणी झपाट्याने ओढून घेतो. त्यामुळे रक्तबिंबिका, पेशी आणि गोठणघटक जखमेच्या जागी दाटतात. झिओलाइट हे खनिज, स्टार्चचे सूक्ष्म कण आणि जिलेटिनचे स्पंज या तत्त्वावर चालतात.

दुसरा मार्ग विद्युत्भाराचा आहे. तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. कायटोसान या पदार्थावर धन भार असल्याने तो पेशींना आपल्याकडे ओढून चिकट थर तयार करतो. हा थर गोठणघटकांच्या साखळीवर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांसाठीही कायटोसान उपयुक्त ठरू शकते.

कायटोसान हे कायटिनपासून बनवितात आणि कायटिन कोळंबी व खेकड्यांच्या कवचांत विपुल असते. जुन्या तंजावर जिल्ह्यातून १९९१ मध्ये वेगळ्या झालेल्या नागपट्टिनम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मासेमारी आणि कोळंबी संवर्धन चालते. कोळंबी सोलल्यानंतर उरणाऱ्या कवचांवर आधी आम्लाची आणि नंतर अल्कलीची प्रक्रिया केली, की त्यांतील क्षार व प्रथिने निघून जातात. पुढे तीव्र अल्कलीने कायटिनचे कायटोसानमध्ये रूपांतर होते. एरवी कुजून दुर्गंधी पसरविणारा कचरा अशा रीतीने औषधी उपयोगाचा होतो. मात्र वैद्यकीय वापरासाठी त्याची शुद्धता फार उच्च असावी लागते.

तिसरा मार्ग गोठणघटकांना चालना देण्याचा आहे. सिलिका, केओलिन यांसारख्या खनिजांच्या ऋणभारित पृष्ठभागाला स्पर्श होताच बारावा घटक कार्यान्वित होतो आणि पुढील साखळी सुरू होते. कॅल्शियम अल्जिनेटचे ड्रेसिंग जखमेतील सोडियम घेऊन कॅल्शियम सोडते. अल्जिनेट हे समुद्री शैवालापासून मिळते आणि तमिळनाडूत मंडपमच्या परिसरात सरगॅसमसारख्या शैवालांची काढणी होते.

चौथा मार्ग गुठळीचे तयार साहित्यच जखमेवर देण्याचा आहे. रक्तद्रवापासून वेगळे केलेले फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र आणल्यास जागेवरच फायब्रिनचा थर बसतो. याला ‘फायब्रिन गोंद’ म्हणतात. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल आयुर्विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने हे तंत्र भारतात विकसित केले आहे. हा गोंद शस्त्रक्रियागृहात अतिशय उपयुक्त आहे, परंतु त्याचा खर्च आणि साठवणुकीच्या अटी पाहता रस्त्यावरील अपघातात तो सोयीचा नाही.

वेगाची किंमत

रक्त जितके लवकर गोठेल तितके चांगले, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षातील अनुभव मात्र वेगळा आहे. झिओलाइटच्या दाणेदार भुकटीला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि युद्धभूमीवर तिचा वापर झाला. झिओलाइट पाणी शोषताना उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे काही जखमींची त्वचा व ऊती भाजल्या. पुढे या भुकटीची जागा केओलिन बसविलेल्या गॉजने घेतली आणि २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या युद्धजन्य जखमांवरील उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत या गॉजची शिफारस करण्यात आली.

स्मेक्टाइट या चिकणमातीपासून बनविलेली भुकटीही रक्त अतिशय प्रभावीपणे थांबवीत असे. परंतु प्राण्यांवरील अभ्यासात तिचे कण रक्तवाहिनीत शिरून आत गुठळ्या करीत असल्याचे दिसून आले. त्यामुळे अमेरिकी सैन्याने २००९ मध्ये तिचा वापर थांबविला. जखमेच्या तोंडाशी हवी असलेली गुठळी रक्तवाहिनीच्या आत तयार झाली, तर तीच प्राणघातक ठरते.

या अनुभवांतून उत्तम ड्रेसिंगच्या कसोट्या निश्चित झाल्या. ड्रेसिंगने उष्णता निर्माण करू नये, त्याचे कण सुटून रक्तात जाऊ नयेत आणि तांबड्या पेशी फुटू नयेत. गुठळी न मोडता ते काढता आले पाहिजे. वजनाने हलके, उष्ण व दमट हवेत टिकणारे आणि अप्रशिक्षित व्यक्तीलाही वापरता येईल असे ते असावे. निर्जंतुकीकरणाचाही प्रश्न असतो. उदाहरणार्थ, गॅमा किरणांनी कायटोसानच्या लांब रेणूसाखळ्या तुटतात. त्यामुळे किरणांच्या मात्रेचा काटेकोर विचार करावा लागतो.

तंजावर ते पुणे : भारतातील संशोधन

तंजावरजवळ तिरुमलैसमुद्रम येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या शण्मुग संस्थेला २००१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ‘शास्त्रा’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. या विद्यापीठाच्या नॅनोतंत्रज्ञान व प्रगत जैवपदार्थ केंद्रात ऊती अभियांत्रिकी, औषधवाहक कण आणि नॅनोतंतूंच्या जाळ्या या विषयांवर काम चालते. उच्च विद्युत्दाबाखाली बहुवारिकाच्या द्रावणापासून केसाहूनही कितीतरी बारीक धागे ओढले जातात. अशा धाग्यांच्या जाळीचा पृष्ठभाग फार मोठा असतो. रक्तबिंबिका अडकण्यास आणि पुढे नवीन ऊती वाढण्यास अशी जाळी अनुकूल ठरते.

महाराष्ट्रात याच विषयावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत उल्लेखनीय काम झाले आहे. ही संस्था १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेतर्फे सुरू झाली आणि १९९२ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तेथील शास्त्रज्ञांनी सिलिकाचे नॅनोकण आणि कॅल्शियम मिसळलेले अतिशोषक ‘झेरोजेल’ ड्रेसिंग तयार केले. द्रवांश काढून घेतल्यानंतर उरलेल्या सच्छिद्र, कोरड्या जेलला झेरोजेल म्हणतात. शोषणाचा पहिला मार्ग आणि चालना देण्याचा तिसरा मार्ग या रचनेत एकत्र आले आहेत. प्रयोगशाळेतील चाचण्यांत बाजारातील ड्रेसिंगच्या तुलनेत रक्त गोठण्याच्या निर्देशांकात १३ पट वाढ आढळल्याचे शास्त्रज्ञांनी नमूद केले आहे.

उद्योगक्षेत्रात २००८ मध्ये स्थापन झालेल्या ॲक्सिओ बायोसोल्युशन्स या भारतीय कंपनीने कायटोसानचे ड्रेसिंग तयार करून बाजारात आणले. प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतची ही वाट लांबची असते. नळीतील रक्तावरील चाचणीनंतर पेशींवर आणि प्राण्यांवर चाचण्या होतात. त्यांत उत्तीर्ण झाल्यावरच नैतिक समितीच्या परवानगीने मानवी चाचण्या घेता येतात. भारतात २०१८ पासून अमलात आलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार धोक्याच्या प्रमाणात उपकरणांचे चार वर्ग केलेले असून त्यानुसार परवाना घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत १३ पट आढळलेला परिणाम प्रत्यक्ष वाहत्या जखमेवर तितकाच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

घोणसदंश : जेथे पट्टी अपुरी पडते

कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीत, तसेच कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात घोणस हा विषारी साप आढळतो. तमिळमध्ये त्याला ‘कण्णाडि विरियन’ म्हणतात. त्याचे विष गोठणघटकांना एकदम चालना देते. त्यामुळे सर्व शरीरभर हे घटक अल्पावधीत खर्च होतात. परिणामी रक्त गोठेनासे होते आणि हिरड्या, लघवी किंवा दंशाच्या जागेतून रक्त येऊ लागते.

अशा रुग्णाची परीक्षा खेड्यातील आरोग्य केंद्रातही करता येते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवतात आणि नंतर नळी कलती करतात. रक्त वाहिले, तर विषाचा परिणाम झाला आहे असे समजतात. नळी काचेचीच असावी लागते, कारण काचेच्या स्पर्शाने बारावा घटक कार्यान्वित होतो. सिलिकायुक्त ड्रेसिंगही याच तत्त्वावर चालते. मात्र गोठणघटकच शिल्लक नसतील, तर चालना देणार तरी कशाला? अशा वेळी प्रतिसर्पविष हाच उपचार आहे. दंशाची जागा कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे हे सर्व प्रकार अपायकारक आहेत.

याच विषाचा रक्तस्तंभक म्हणूनही उपयोग झाला आहे. आर. जी. मॅकफार्लेन आणि बर्जेस बार्नेट यांनी १९३४ मध्ये घोणसाच्या विषाचे अतिशय विरल द्रावण हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावून रक्तस्राव थांबविता येतो, हे दाखविले. द्रव्य तेच असले, तरी जखमेपुरते मर्यादित राहिल्यास ते औषध ठरते आणि शरीरभर पसरल्यास विष ठरते.

शरीरातील आतील रक्तस्रावावरही बाहेरील पट्टीचा उपयोग होत नाही. पोटात किंवा छातीत रक्तस्राव झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. अशा रुग्णांसाठी ट्रानेक्सामिक आम्ल हे स्वस्त औषध उपयुक्त असते. सुमारे २० हजार जखमींवर ४० देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधामुळे मृत्यू कमी होत असल्याचे दिसले. या चाचणीत भारतातील रुग्णालयेही सहभागी होती. जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध देणे महत्त्वाचे असते.

वापर कसा करावा

रक्तस्तंभक ड्रेसिंग जखमेवर नुसते ठेवून उपयोग होत नाही. ते थेट रक्त येत असलेल्या जागेवर बसवावे लागते. जखम खोल असल्यास गॉज आत भरून वरून हाताने सतत दाब द्यावा लागतो. बहुतेक ड्रेसिंगसाठी हा दाब किमान ३ मिनिटे आवश्यक असतो. या काळात ‘रक्त थांबले का’ हे पाहण्यासाठी पट्टी उचलू नये. रक्त वर आल्यास पहिली पट्टी न काढता तीवर दुसरी ठेवून अधिक दाब द्यावा. विशेष ड्रेसिंग उपलब्ध नसेल, तर स्वच्छ कापडाची घडी आणि तळहाताचा घट्ट दाब हाच पहिला उपाय होय. जखमेत रुतलेली वस्तू उपसून काढू नये. हातापायातून होणारा जोरदार रक्तस्राव दाबाने थांबत नसल्यास जखमेच्या वरच्या बाजूस आवळपट्टी बांधून तिची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.

रस्त्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत २००१ ते २०११ या काळात मृत्यू पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी दगावलेल्यांपैकी ज्यांचा जीव वाचण्याची शक्यता होती, अशांच्या मृत्यूंत सुमारे ९१ टक्के मृत्यू रक्तस्रावामुळे झाल्याचे त्यातून दिसून आले. भारतातील नागरी जीवनात हा धोका मुख्यतः रस्त्यांवर आहे. सन २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. हे सर्व मृत्यू रक्तस्रावाने झालेले नाहीत. तथापि मदत पोहोचण्यापूर्वी वाहिलेल्या रक्ताचा त्यात मोठा वाटा असतो.

जखमीजवळ सर्वप्रथम पोहोचतो तो सहप्रवासी, रिक्षाचालक किंवा शेजारच्या शेतातील मजूर. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने असे लोक पूर्वी मदतीस कचरत असत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतनिसांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ समाविष्ट होऊन सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले.

कायद्याचे संरक्षण आहे आणि देशी बनावटीचे ड्रेसिंगही तयार होत आहे. ते सामान्य गॉजपेक्षा महाग असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रे, बसगाड्यांतील प्रथमोपचार पेट्या आणि शेतीच्या यंत्रांपर्यंत अद्याप सर्वत्र पोहोचलेले नाही. कोळंबीची कवचे, शैवाल, स्टार्च आणि सिलिका ही सर्व द्रव्ये देशातच उपलब्ध आहेत. त्यांपासून स्वस्त, टिकाऊ व सुरक्षित पट्टी तयार करणे आणि ती योग्य दाबाने वापरण्याचे प्रशिक्षण सामान्य नागरिकांना देणे, ही दोन्ही कामे बरोबरीने झाली तरच जखमीला ती मोलाची काही मिनिटे मिळू शकतील.